'व्हिल द पारी': जिंकून आणलेलं जहाज पाच महिन्यांत समुद्राने गिळलं (१७८२)

दर्यावर्दी

मंडळी, शिडाच्या युद्धनौकांचा विषय निघाला की गाडी बहुतेक वेळा ट्रॅफल्गारची लढाई (१८०५) आणि त्यातल्या नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर जाऊन थांबते. व्हिक्टरी नशीबवान, अजून पोर्ट्समथला उभी आहे, तिकीट काढून बघता येते. मला आज तिच्याच पिढीतल्या दुसऱ्या एका जहाजाबद्दल लिहायचंय, ते व्हिक्टरीपेक्षाही मोठं होतं आणि आता त्याची फळीसुद्धा उरलेली नाही. नाव 'व्हिल द पारी', म्हणजे पॅरिस शहराचं जहाज, आणि ते अक्षरशः पॅरिस शहराचंच होतं. सात वर्षांच्या युद्धात फ्रान्सचं आरमार पार धुळीला मिळालं, १७५९ मध्ये लागोसला आणि किबेरॉनच्या आखातात इंग्रजांनी त्यांना झोडपलं, तेव्हा मंत्री श्वाझलने देशभर आवाहन केलं की प्रांतांनी, शहरांनी, व्यापाऱ्यांच्या संघांनी राजाला जहाजं भेट द्यावीत. पॅरिसनेही पैसे दिले. रोशफोरच्या गोदीत १७५७ पासून एक मोठं जहाज अर्धवट पडून होतं, त्याला पॅरिसचं नाव दिलं आणि १७६४ मध्ये ते पाण्यात उतरलं. सुरुवातीला ९० तोफा होत्या, पुढे वाढवून १०४ केल्या. तीन मजली तोफखाना.

आता या जहाजाची खरी कीर्ती अमेरिकेत झाली. मार्च १७८१ मध्ये फ्रेंच ॲडमिरल दे ग्रास ब्रेस्टहून निघाला तो याच जहाजावर झेंडा लावून. सँ-दोमँगहून (आजचं हैती) सैन्य घेतलं, हवानाहून पैसा उभा केला आणि ऑगस्टअखेर चेसापीकच्या आखाताच्या तोंडावर येऊन बसला. आत यॉर्कटाऊनला इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस अडकलेला. त्याला सोडवायला न्यूयॉर्कहून इंग्रज ॲडमिरल थॉमस ग्रेव्हज आला, ५ सप्टेंबरला लढाई झाली, फ्रेंचांची २४ जहाजं आणि इंग्रजांची १९, आणि ग्रेव्हजला हात हलवत परत जावं लागलं. पुढे वॉशिंग्टन स्वतः दे ग्रासला भेटायला या जहाजावर आला होता. ऑक्टोबरात कॉर्नवॉलिस शरण आला आणि अमेरिका गेली ती गेलीच.

या ग्रेव्हजचं नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

पुढच्या वर्षी दे ग्रासचा बेत जमैका घ्यायचा. ८ एप्रिल १७८२ ला तो मार्टिनिकहून निघाला, मागे इंग्रज ॲडमिरल रॉडनी ३६ जहाजं घेऊन. ९ तारखेला थोडी चकमक झाली पण फ्रेंच निसटत होते, आणि निसटलेही असते, पण ११-१२ च्या रात्री त्यांचंच 'झेले' नावाचं जहाज अंधारात व्हिल द पारीवर येऊन आदळलं. झेलेच्या डोलकाठ्या मोडल्या, तिला दोराने ओढत ग्वादलूपकडे न्यायला लागले, ती मागे पडली आणि सकाळी इंग्रजांच्या नजरेला पडली. दे ग्रासने तिला वाऱ्यावर सोडलं नाही, सगळा ताफा घेऊन मागे वळला. माझ्या मते सेनापती म्हणून चूक आणि माणूस म्हणून बरोबर. ग्वादलूप आणि डॉमिनिका यांच्या मध्ये सेंट्स नावाची बारकी बेटं आहेत, तिथे लढाई जुंपली. वारा मध्येच फिरला, फ्रेंचांच्या रांगेत फटी पडल्या, रॉडनीचं 'फॉर्मिडेबल' एका फटीतून आरपार गेलं आणि फ्रेंच ताफ्याचे तुकडे झाले.

व्हिल द पारी दिवसभर लढत राहिलं. विल्यम कॉर्नवॉलिसचं (यॉर्कटाऊनवाल्याचा धाकटा सख्खा भाऊ!) 'कॅनडा' तिला तासन्‌तास भिडलेलं. तोफांची भरलेली काडतुसं संपली तेव्हा दारूची पिंपं वर आणून पळ्यांनी दारू तोफांत ओतत होते. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास रॉडनीच्या हाताखालच्या ॲडमिरल हूडच्या 'बार्फ्लर'समोर दे ग्रासने झेंडा उतरवला. वरच्या डेकवर न जखमी झालेली जी दोनतीन माणसं उरली होती त्यातला तो एक, असं सांगतात.

त्या दिवशी पाच जहाजं पकडली गेली: व्हिल द पारी, ग्लोरिअ, सेझार, हेक्टर आणि आर्दां. सेझार त्याच रात्री पेटून उडालं, आत शेकडो फ्रेंच कैदी आणि ताबा घ्यायला गेलेले इंग्रज, दोघेही. आठवड्याभरात मोना सामुद्रधुनीत हूडने कातों आणि जासों ही दोन अजून पकडली. सगळी लूट जमैकाला पोर्ट रॉयलला आणली.

आणि जुलै संपता संपता, ऐन हरिकेनच्या मोसमाच्या तोंडावर, ही फुटकी जहाजं इंग्लंडला पाठवायचं ठरलं. बरोबर शेकडाभर व्यापारी गलबतं. सांभाळून न्यायला अधिकारी कोण, तर थॉमस ग्रेव्हज. म्हणजे ज्या जहाजावर बसून दे ग्रासने त्याला हरवलं तेच आता त्याच्या ताब्यात, आणि ते घरी सुखरूप नेणं ही त्याची जबाबदारी.

सप्टेंबरच्या १६-१७ ला न्यूफाउंडलंडच्या बँक्सजवळ (तिथला उथळ समुद्र) वादळाने गाठलं. त्या रात्रीबद्दल खाली प्रतिसादात सविस्तर लिहितो, फार मोठं होतंय. पण मला जे म्हणायचंय ते आत्ताच सांगतो. इतिहासाच्या पुस्तकांत एक ओळ असते की 'ही जहाजं नंतर वादळात बुडाली'. मला ती ओळ पटत नाही. वादळ हा शेवटचा धक्का होता, ही जहाजं जमैकातच बुडायला निघाली होती आणि ते त्यांच्यावरच्या अधिकाऱ्यांना दिसत होतं. साधारण साडेतीन हजार माणसं गेली. सेंट्सच्या लढाईत इंग्रजांची जेवढी मेली त्याच्या कितीतरी पट.

---

अलिबागची_सई

वाचनखूण साठवली. फार सुंदर लिहिताय, लवकर पुढचं टाका.

एक विचारायचं होतं, लढाईत इतकी मोडतोड झाली तर जमैकातच नीट दुरुस्त का नाही केली? तीन महिने होते की हातात.

---

दर्यावर्दी

@सई, हाच तर कळीचा मुद्दा. वेस्ट इंडिजमध्ये इंग्रजांकडे तेव्हा सुकी गोदी नव्हतीच. पोर्ट रॉयलला काय किंवा अँटिग्वाच्या इंग्लिश हार्बरला काय, जहाज धक्क्याला बांधायचं, दोरांनी एका कुशीवर कलवायचं आणि उघडी पडलेली बाजू दुरुस्त करायची, मग दुसऱ्या कुशीवर. शंभर तोफांच्या तीन मजली जहाजाला हे करणं म्हणजे जिवावरचं काम, आणि लढाईत खिळखिळं झालेलं असेल तर विचारूच नका. पाण्याखाली काय झालंय ते नीट बघायची सोयच नाही. म्हणून वरून ठोकून ठाकून, नव्या डोलकाठ्या उभ्या करून, 'इंग्लंडला गेल्यावर बघू' असा हिशोब.

वरच्या अधिकाऱ्यांना दिसत होतं असं मी म्हणतो ते उगाच नाही. 'आर्दां'च्या अधिकाऱ्यांनी आपल्या जहाजाच्या दुर्दशेबद्दल सह्या करून लेखी निवेदन दिलं आणि ग्रेव्हजला ते जहाज पोर्ट रॉयलला परत पाठवावं लागलं. ज्यांनी सह्या केल्या ती माणसं वाचली! 'जासों' ताफ्यात आलंच नाही. 'कातों'ला वाटेत गळती लागली, तिला 'पॅलास' फ्रिगेटसोबत (फ्रिगेट म्हणजे हलकी, वेगवान युद्धनौका) हॅलिफॅक्सला वळवलं. म्हणजे वादळ यायच्या आधीच एकेक गळत होतं.

आणि माणसं? पकडलेल्या जहाजांवर पुरेसे खलाशी नव्हतेच. आजारी, जायबंदी, घरी परत पाठवायचे म्हणून चढवलेले असे बरेच. पंप मारायला धडधाकट दंड लागतात हो, तेच नव्हते.

---

खाडीकाठ

मुंबईत मात्र सुकी गोदी होती! १७५० च्या सुमारास बांधलेली, लवजी नसरवानजी वाडियांच्या काळात. म्हणजे इंग्रजांना जमैकात जी सोय नव्हती ती आपल्याकडे होती, हे वाचून वेगळंच वाटलं. पुढे याच वाडिया घराण्याने सागवानाची मोठमोठी लढाऊ जहाजं बांधून दिली, त्यातलं 'ट्रिंकोमाली' (१८१७) आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय.

आणि पकडलेल्या जहाजाचा विषय आहे तर विजयदुर्ग राहायला नको. तुळाजी आंग्र्यांनी कंपनीचं 'रिस्टोरेशन' नावाचं जहाज पकडून आपल्या ताफ्यात ठेवलं होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले तेव्हा एक गोळा नेमका त्या रिस्टोरेशनवर पडला, ते पेटलं, आणि शेजारी बांधलेली गुराबं गलबतं एकामागून एक पेटत गेली, तासाभरात आंग्र्यांचं आरमार संपलं. पकडून आणलेल्या जहाजातूनच सगळ्यांना आग लागली. आमच्या भागातली जुनी माणसं वाघोटनची खाडी दाखवून अजून ही गोष्ट सांगतात, आणि सांगताना आवाज जड होतो, कारण त्यात पेशव्यांची फौजही इंग्रजांच्या बाजूने होती.

---

पंतांचा_पुतण्या

+१ खाडीकाठ.

अवांतर नाही पण थोडं बाजूचं. १२ एप्रिल १७८२ ही तारीख वाचून चमकलो. बरोबर त्याच दिवशी सिलोनच्या किनाऱ्याजवळ प्रोव्हिडियनला फ्रेंच ॲडमिरल सुफ्रां आणि इंग्रज ॲडमिरल एडवर्ड ह्यूज यांची लढाई चालू होती. एकाच दिवशी फ्रेंच आणि इंग्रज आरमारं पृथ्वीच्या दोन टोकांना भिडलेली, आणि एकाला दुसऱ्याची बातमी कळायला महिनेच्या महिने. त्यानंतर पाच आठवड्यांनी १७ मे ला सालबाईचा तह झाला, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध थांबलं. म्हणजे इंग्रज तेव्हा अमेरिकेत, वेस्ट इंडिजमध्ये, मद्रासेत हैदरशी आणि इकडे मराठ्यांशी एकाच वेळी गुंतलेले होते, आणि आपण शाळेत हे सगळे वेगवेगळे धडे म्हणून शिकलो.

आणि एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीच्या समुद्रात मुंबईच्या आरमाराचं 'रेंजर' पकडलं ते तर ऐन तहाच्या घोळात. रेंजर एकटं पाच तास लढलं असं इंग्रजच लिहितात. तह झालेला असल्यामुळे नंतर ते जहाज परत करावं लागलं.

दोन कॉर्नवॉलिस भावांबद्दलही: थोरला चार्ल्स यॉर्कटाऊनला हरून पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल, टिपूशी लढला, १८०५ ला गाझीपूरला वारला. धाकटा विल्यम, म्हणजे कॅनडावाला, १७८९ नंतर काही वर्षं हिंदी महासागरातल्या इंग्रज आरमाराचा प्रमुख होता. भावाला यॉर्कटाऊनमध्ये कोंडणाऱ्या ॲडमिरलच्या जहाजावर धाकट्याने तोफा डागल्या. लिहिणाऱ्याने कल्पनेने रचलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

---

दर्यावर्दी

पंत, प्रोव्हिडियनची आठवण काढलीत ते फार बरं झालं. आता वादळाबद्दल.

१६ सप्टेंबरला वारा पूर्व-आग्नेयेकडून वाढत गेला. ग्रेव्हजने जहाजं थांबवून धरली, म्हणजे अगदी कमी शीड ठेवून लाटांशी कोन साधून उभं राहायचं आणि वादळ अंगावरून जाऊ द्यायचं. हे सगळेच करतात. पण १७ च्या पहाटे तीनच्या सुमारास वारा एकदम पडला आणि काही मिनिटांत थेट उलट्या बाजूने, उत्तर-वायव्येकडून आला, आधीपेक्षा जोराने. आपल्याकडच्या चक्रीवादळात डोळा गेल्यावर होतं तेच. शिडं ज्या बाजूने फुगलेली असतात त्याच्या उलट बाजूने वारा भरला की शीड डोलकाठीवर चिकटतं, मग सगळा दाब मागच्या बाजूला, जहाज मागे रेटलं जातं, सुकाणू चालत नाही, आणि त्यात लाटा अजून जुन्याच वाऱ्याच्या. ग्रेव्हज ज्या जहाजावर होता त्या 'रॅमिलीज'ची मधली आणि मागची डोलकाठी एका झटक्यात गेली. ताफ्यातलं 'सेंटॉर' तर पूर्ण आडवं झालं, डोलकाठ्या मोडून पडल्या तेव्हा कुठे सरळ झालं.

(सेंटॉरसुद्धा मुळात फ्रेंचच, १७५९ मध्ये लागोसला पकडलेलं. म्हणजे या ताफ्यात जुनी नवी मिळून निम्म्याहून जास्त मोठी जहाजं शत्रूकडून घेतलेलीच.)

सकाळ झाली तेव्हा सेंटॉरवरच्यांना व्हिल द पारी दिसलं. सगळ्या डोलकाठ्या उभ्या, काही झालेलं नाही असं वाटावं अशा अवस्थेत. मला या गोष्टीतलं सगळ्यात चटका लावणारं हेच वाटतं. बाकीची मोडून पडलेली, आणि सगळ्यात मोठं, सगळ्यात गोळे खाल्लेलं जहाज ताठ उभं. बघणाऱ्यांना वाटलं असणार की हे तरी पोचणार. पण वर डोलकाठ्या शाबूत असल्या म्हणजे तळ शाबूत असतो असं नाही, उलट एवढ्या डोलकाठ्यांचं वजन त्या खिळखिळ्या सांगाड्याला प्रत्येक लाटेला हिसके देत राहिलं असणार.

ते कसं बुडालं ते सांगायला एकच माणूस उरला. जॉन विल्सन नावाचा खलाशी, फळकुटाला चिकटून वाहत होता, एका डॅनिश व्यापारी जहाजाने उचलला, जवळपास बेशुद्धच. त्याला एवढंच सांगता आलं की जहाज बुडताना एक तुकडा हाताला लागला तो धरला, आणि त्याच्या आदल्या दिवशी त्याने ग्लोरिअ बुडताना पाहिलं होतं. बास. व्हिल द पारीचा कॅप्टन विल्किन्सन, ग्लोरिअचा कॅप्टन कॅडोगन, आणि दोन्हीवरची सगळी माणसं गेली, ग्लोरिअचा तर सांगायलाही कोणी नाही. विल्सनला अजून काही आठवत नाही म्हणून त्या काळच्या काही लोकांनी हळहळ व्यक्त केली, मला ते वाचून राग येतो, त्या माणसाने जे भोगलं त्यानंतर त्याच्याकडून हिशोब कसला मागता.

---

मुक्तछंद

रॅमिलीज आणि सेंटॉरचं पुढे काय झालं? आणि ग्रेव्हज?

---

दर्यावर्दी

रॅमिलीजवर चार दिवस पंप मारले, तोफा नांगर सगळं समुद्रात टाकलं, पाणी वाढतच गेलं. शेवटी ग्रेव्हजने एकेक करून सगळी माणसं आसपासच्या व्यापारी जहाजांवर पाठवली, स्वतः 'बेल' नावाच्या जहाजावर गेला आणि २१ सप्टेंबरला कॅप्टन मोरियार्टीने जहाजाला आग लावली. सहाशेच्या वर माणसं, उसळता समुद्र, बारक्या होड्या, आणि तरीही माणसं वाचली. हे श्रेय ग्रेव्हजला द्यायलाच हवं.

हेक्टरचं वेगळंच. ते ताफ्यापासून आधीच तुटलं होतं आणि ५ सप्टेंबरच्या रात्री 'एग्ल' आणि 'ग्लुआर' या दोन फ्रेंच फ्रिगेटांनी गाठलं. हेक्टरवर बऱ्याच तोफा काढून ठेवलेल्या, माणसं अर्धी आजारी, तरी कॅप्टन बूर्शियेने त्यांना परतवून लावलं, स्वतः जबर जखमी झाला. मग त्या चाळण झालेल्या अवस्थेत वादळ. दोन आठवडे ते तसंच वाहत होतं, पाणी आणि अन्न संपत आलेलं, माणसं पंपाशीच कोसळून मरत होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डार्टमथचं 'हॉक' नावाचं बारकं व्यापारी जहाज दिसलं. त्याचा कॅप्टन जॉन हिल रात्रभर जवळ थांबला, दुसऱ्या दिवशी जिवंत राहिलेले दोनशेच्या आसपास लोक आपल्या जहाजावर घेतले, जागा करायला स्वतःचा माल समुद्रात टाकला, आणि न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला पोचले तेव्हा पिण्याच्या पाण्याचं शेवटचं पिंप संपत होतं. या जॉन हिलचा पुतळा कुठे नसेल, पण या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोठा माणूस तोच वाटतो.

---

नवी_वाचक

हिलबद्दल वाचून डोळ्यात पाणी आलं. सेंटॉरचं राहिलं का?

---

दर्यावर्दी

सेंटॉरचं मुद्दाम शेवटी ठेवलं कारण त्यावर तुमचं मत हवंय.

कॅप्टन जॉन निकल्सन इंगलफील्ड. आठवडाभर पाणी उपसलं, डोलकाठ्या नाहीत, सुकाणू गेलं, आतल्या तोफा सुटून इकडून तिकडे माणसं चिरडत होत्या. शेवटी जहाज बुडायला लागलं तेव्हा एक होडी पाण्यात होती, त्यात काही माणसं उडी मारून बसलेली, आणि कॅप्टनने ठरवायचं होतं: जहाजावरच्या शेकडो माणसांबरोबर मरायचं की होडीत उतरायचं. तो उतरला. त्याने स्वतःच नंतर लिहिलं की जगण्याची ओढ वरचढ ठरली. होडी निघाली तेव्हा पंधरा वर्षांचा मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) रॉबर्ट बेलिस उडी मारून मागे पोहत आला, त्याला वर घेतलं. एकूण बारा जण.

होडी गळकी, सोबत थोडी बिस्किटं, एक लहान मांसाचा तुकडा, दोन बाटल्या पाणी. घोंगडी फाडून शीड केलं. पाऊस पडला की चादर भिजवून पिळायची आणि ते पाणी प्यायचं, पण चादर आधीच समुद्राच्या पाण्याने खारट झालेली. सोळाव्या दिवशी अझोर्समधल्या फायालला लागले, पोचायच्या आदल्या दिवशी एक जण वारला. पुढे लष्करी न्यायालयात चौकशी झाली आणि इंगलफील्ड निर्दोष सुटला.

---

खाडीकाठ

माझं मत स्पष्ट आहे. आमच्याकडे तांडेल शेवटी उतरतो. होडीवरचे बाकीचे उतरल्याशिवाय तो सुकाणू सोडत नाही, असं करणाऱ्या तांडेलाला परत गावात कोणी होडीवर घेणार नाही. सहाशे माणसं वर ओरडत असताना कॅप्टन होडीत उतरतो हे मला पटत नाही, न्यायालय काहीही म्हणो.

---

अलिबागची_सई

मला इतकं सरळ नाही वाटत. होडीत जास्तीत जास्त बारा माणसं मावत होती. तो वर राहिला असता तर वाचले कोणीच नसते, कारण त्या होडीला दिशा कळणारं, त्या दहाबारा जणांना सोळा दिवस धीर देणारं कोण होतं? आणि त्याने खोटी कारणं दिली नाहीत, जगावंसं वाटलं म्हणून उतरलो असं कागदावर लिहून ठेवलं. असं लिहायला हिंमत लागते. दोष द्यायचाच तर त्याला असल्या जहाजावर पाठवणाऱ्यांना द्या.

---

रसायनी

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे 'असल्या जहाजावर' या शब्दांवर थांबले. तळाचं काय झालं होतं यावर लिहिते कारण यात मोठी गोष्ट दडलेली आहे.

लाकडी जहाजाच्या तळाला उष्ण समुद्रात जहाजकिडा लागतो, लाकूड आतून पोखरतो, शिवाय शेवाळ शिंपले बसून वेग मंदावतो. यावर उपाय म्हणून इंग्रजांनी १७७९ पासून आरमाराच्या जहाजांचा कारभार बघणाऱ्या चार्ल्स मिडलटनच्या आग्रहाने सगळ्या आरमाराला तांब्याचे पत्रे ठोकायला घेतले. वेग वाढला, जहाजं जास्त काळ समुद्रात राहू लागली. पण सांगाड्याच्या फळ्या धरून ठेवणारे बोल्ट लोखंडाचे! तांबं, लोखंड आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे जहाजाच्या तळालाच बॅटरी तयार झाली आणि त्यात लोखंड खाल्लं जाणार हे ठरलेलं. मध्ये डांबर लावलेला कागद घालून दोन धातू वेगळे ठेवायचा प्रयत्न केला होता, पण लाटांच्या हिसक्यांत तो टिकत नाही. बाहेरून तांबं चकचकीत आणि आत बोल्ट झिजून बारीक झालेले. वादळात सांगाडा वाकतो तेव्हा हे बोल्ट तुटतात आणि फळ्या सुटतात, मग कितीही पंप मारा.

१७८२ च्या या नुकसानीनंतर हा संशय इतका बळावला की तपासण्या झाल्या आणि पुढच्या काही वर्षांत लोखंडी बोल्ट काढून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट बसवायचा हुकूम निघाला. ग्रेव्हजचंच 'टेरिबल' चेसापीकच्या वेळी आधीपासून गळत होतं, लढाईनंतर जाळून टाकावं लागलं होतं, म्हणजे इशारा वर्षभर आधी मिळालेला.

पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने याचंच उलट करून दाखवलं, तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडायचे म्हणजे तुकडे झिजतील आणि तांबं वाचेल. त्याने हा प्रयोग ज्या 'समारंग' जहाजावर केला ते कोचीनला सागवानात बांधलेलं होतं. आज तुमच्या घरच्या गीझरमध्ये जो झिजणारा दांडा असतो, दर काही वर्षांनी बदलावा लागतो, तो त्याच तत्त्वावर.

---

मुक्तछंद

रसायनी ताई, क्या बात है. गीझर उघडून बघणार आता.

पण एक शंका. मग व्हिल द पारी बुडालं ते तांब्यामुळे की लढाईमुळे? आणि दर्यावर्दी म्हणतात तसं 'माणसांनी बुडवलं' की निसर्गाने? कॅनडा त्याच वादळातून सुखरूप इंग्लंडला पोचलंच ना? व्यापारी जहाजंही बरीच पोचली. मग वादळच इतकं भयंकर होतं असं कसं म्हणायचं.

---

दर्यावर्दी

@मुक्तछंद, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. कॅनडा पोचलं. तेही सेंट्सला लढलेलं, त्याच वादळात सापडलेलं. म्हणजे धड असलेलं, पुरेशी माणसं असलेलं, चांगल्या कॅप्टनचं जहाज त्या रात्री तगू शकत होतं. रॅमिलीज आणि सेंटॉरच्या बाबतीत बोल्टांचा मुद्दा मला पटतो. पकडलेल्या फ्रेंच जहाजांचं मुख्य कारण मात्र लढाई, पाण्याखाली बसलेले गोळे, घाईची डागडुजी आणि अपुरी माणसं.

घाई कशासाठी, तर माझा तर्क असा की यॉर्कटाऊनच्या नामुष्कीनंतर इंग्लंडला काहीतरी दाखवायला हवं होतं. राजधानीचं नाव लावलेलं फ्रेंच जहाज टेम्सच्या मुखाशी उभं करण्यासारखं दृश्य दुसरं कुठलं. शिवाय पकडलेल्या जहाजाबद्दल अधिकाऱ्यांना आणि खलाशांना मिळणारे बक्षिसाचे पैसे अडकलेले, जहाज घरी पोचलं की त्याची किंमत ठरणार. दे ग्रासला स्वतःला आधीच लंडनला नेलं होतं, राजाने भेट दिली, लोक बघायला गर्दी करत होते. त्याचं जहाज मागून यायचं होतं. वर्षभर जमैकात ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? जमैकावरचा हल्ला तर टळलाच होता.

---

पंतांचा_पुतण्या

इथे थोडा असहमत. वर्षभर ठेवलं असतं तर जहाजकिड्याने खाल्लं असतं आणि पीतज्वराने माणसं मेली असती, वेस्ट इंडिजमध्ये लढाईपेक्षा तापाने जास्त मरायचे. आणि ग्रेव्हजवर सगळा भार टाकू नका, जहाजं कोणती न्यायची हे त्याने ठरवलं नव्हतं. आर्दांचं निवेदन आल्यावर त्याने ते ऐकलं, कातोंला वळवलं, स्वतःची माणसं वाचवली. त्याला जे दिलं ते घेऊन तो निघाला. रॉडनीला त्या विजयाबद्दल सरदारकी मिळाली, हिशोब तिकडे मागा.

---

दर्यावर्दी

पंत, ग्रेव्हजवर राग नाहीच माझा. पुढे १७९४ मध्ये 'ग्लोरियस फर्स्ट ऑफ जून'च्या, फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत तो जखमी झाला, लॉर्ड झाला, माणूस लढवय्याच होता. मला खटकतं ते एवढंच की एका दिवसाच्या विजयाची किंमत मोजताना त्या दिवशी मेलेलेच मोजले जातात. सप्टेंबरातले साडेतीन हजार दुसऱ्या खात्यात टाकले जातात, 'हवामान' नावाच्या. किडा आणि ताप हे तुमचे मुद्दे खरे आहेत, पण मग नको ती जहाजं तिथेच मोडून लाकूड, दोर, तोफा वापरता आल्या असत्या, आणि खलाशी कॅनडासारख्या धड जहाजांवर वाटून घरी नेता आले असते. अभिमान सोडायला कोणी तयार नव्हतं.

---

नवी_वाचक

त्या जहाजाचं काहीच उरलं नाही का आज?

---

दर्यावर्दी

उरलंय. जमैकात स्पॅनिश टाऊनला रॉडनीचं स्मारक आहे, जॉन बेकनने केलेला संगमरवरी पुतळा, रोमन पोशाखातला. त्याच्यासमोर दोन पितळी तोफा ठेवल्यात त्या व्हिल द पारीवरच्या. जमैकात उतरवून घेतल्या म्हणून वाचल्या.

नावही उरलं. इंग्रजांनी १७९५ मध्ये चॅटमला नवीन ११० तोफांचं जहाज बांधलं त्याला व्हिल द पारीच नाव दिलं, ट्रॅफल्गारवाला कॉलिंगवुड १८१० मध्ये त्याच जहाजावर वारला. त्यामुळे कुठे हे नाव वाचलंत तर आधी साल बघा, १७८२ च्या आधीचं असेल तर पॅरिसवाल्यांनी वर्गणी काढून बांधलेलं ते, १७९५ नंतरचं इंग्रज जहाज असेल तर चॅटमचं. इंटरनेटवरच्या चित्रांमध्ये या दोघांची सर्रास गल्लत होते.

@खाडीकाठ, रिस्टोरेशन आणि विजयदुर्गावर तुम्ही वेगळा धागा काढाच. गुराबांची बांधणी, तोफा कुठे बसवायच्या, आणि ती शेजारी शेजारी का बांधून ठेवली होती, हे तुमच्याइतकं नीट इथे कोणी लिहिणार नाही.

---

खाडीकाठ

काढतो. होडीला काजूच्या टरफलाचं तेल का देतात ते पण लिहीन, रसायनी ताईंनी त्यातलं रसायन सांगावं.